नाताळचा पाव आणि विकतची चकली

दिवाळी आटोपली होती. आकाशकंदील माळ्यावर गेला होता आणि चिवड्याच्या डब्यात तळाशी नुसता कढीलिंब उरला होता. अशा दिवसांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. पत्र म्हणजे हल्ली येते तसे, फोनवर. मुलगा जर्मनीत ड्रेस्डेन शहरी असतो. तिथल्या चिप बनवण्याच्या एका कारखान्यात तो नोकरी करतो. त्याने लिहिले होते : "गुरुजी, इथे नाताळात श्टॉलन नावाचा गोड पाव विकतात. चांगल्या बेकरीतला घ्यावा तर किलोला वीस युरोंच्या वर पडतात. त्याच जातीचा पाव मोठ्या दुकानात चौथाई किमतीला मिळतो. जानेवारीत घरी येतो आहे, आईसाठी आणावा म्हणतो. पण विकतच्या पावाला एवढे पैसे मोजावेत का? तुम्ही इतिहास शिकवता, तेव्हा तुम्हीच सांगा."

इतिहासाच्या मास्तरला पावाचा भाव विचारणे म्हणजे ज्योतिषाला छत्री कुठून घ्यावी हे विचारण्यासारखे आहे. पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती, आणि खरे पत्र त्या एका ओळीतच होते : "यंदा आईच्या चकल्या सगळ्या एका मापाच्या होत्या."

आता ह्या ओळीचा उलगडा केला पाहिजे. त्याची आई आमच्या शेजारी राहते. साठी उलटली, सांध्यांनी दगा दिला, सोऱ्या फिरवणे हाताला होईना. यंदा प्रथमच काकूंनी फराळ विकत आणला, आपल्या नेहमीच्या डब्यांत भरला आणि जर्मनीला रवाना केला. वर मला बजावले, "गुरुजी, त्याला कळवू नका हो. विकतचं आहे म्हटलं तर घशाखाली उतरायचं नाही त्याच्या." मी कळवले नाही. चकल्यांनी कळवले. त्याला कळले हे त्यानेही आईला सांगितले नाही. अशी दोन्ही घरची गुपिते माझ्या पदरी येऊन पडली, आणि मी श्टॉलनचा इतिहास शोधायला बसलो.

इतिहासात श्टॉलन पहिल्यांदा भेटतो तो मिठाई म्हणून नव्हे, कर म्हणून. १३२९ साली नाउम्बुर्ग गावच्या बिशपने बेकरांच्या संघाला सनद दिली, आणि तिच्या बदल्यात दर नाताळाला गव्हाचे दोन लांब पाव आपल्याला पोचते करावेत अशी अट घातली. त्या पावांना सनदेत श्टॉलन म्हटले आहे. आपल्याकडे बलुतेदार सणाला पाटलाच्या वाड्यावर काही ना काही पोचवीत, त्यातलाच हा प्रकार. ड्रेस्डेनच्या कागदांत हा पाव येतो १४७४ साली, तोही राजाच्या ताटात नव्हे, तर एका धर्मादाय इस्पितळाच्या हिशेबात, उपवासाचा पदार्थ म्हणून.

उपवासाचा! वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. नाताळपूर्वीचे आठवडे त्या काळी ख्रिस्ती लोकांचे व्रताचे दिवस असत. मांस वर्ज्य, आणि जनावरापासून आलेले म्हणून दूध-लोणीही वर्ज्य. म्हणजे मूळचा श्टॉलन पीठ, पाणी आणि तेल एवढ्यावरच भागवीत असे. रोममध्ये बसून हा नियम करणाऱ्यांच्या अंगणात ऑलिव्हची झाडे होती. सॅक्सनीच्या थंडीत ऑलिव्ह येत नाही. बाहेरचे तेल महाग आणि घरचे तेल उग्र. लोणी मात्र गोठ्यात हवे तेवढे. ज्या प्रदेशात जे पिकते ते खाल्ले तर व्रत मोडते, आणि जे पिकत नाही ते विकत आणून खाल्ले तर पुण्य लागते, असा हा न्याय होता.

तेव्हा सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे अर्ज केला : आम्हांला लोणी खाऊ द्या. शेवटी १४९१ साली पोप आठवे इनोसंट ह्यांनी परवानगीचे पत्र धाडले. इतिहासात ते 'लोण्याचे पत्र' म्हणूनच ओळखले जाते. पण परवानगी फुकट नव्हती. लोणी खाणाऱ्याने त्याबद्दल पैसे भरायचे, आणि ते फ्रायबर्गच्या मोठ्या चर्चच्या बांधकामाला लावायचे. १४८४ साली ते चर्च आगीत जळाले होते, ते पुन्हा उभे करायचे होते. फ्रान्समध्ये रुआँ शहरच्या चर्चचा एक मनोरा तर आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणवतो. तोही अशाच पैशांतून उठला असे सांगतात.

आपल्याला हसू येते. पण आपण जरा आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहावे. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडातली. आमच्या कुठल्याही जुन्या ऋषीने ती डोळ्यांनी पाहिली नव्हती. तरी ती उपवासाला चालतात, आणि शेतात पिकणारी ज्वारी चालत नाही. फरक इतकाच की, आपल्याकडे पोप नसल्यामुळे ही परवानगी कुणा पणजीनेच दिली असावी, आणि तिने त्याबद्दल पैसे घेतले नाहीत.

सॅक्सनीत मात्र ह्या पैशाची गोष्ट लोकांच्या मनाला लागून राहिली. तिथलाच मार्टिन लूथर १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहू लागला तेव्हा लोणी खाण्याची मुभा विकण्याच्या ह्या व्यापारावर त्याने कडक टीका केली. धर्मक्रांती काही लोण्यावरून झाली नाही. पण जे मिळवायला मनुष्याला मोकळीक हवी त्याची पावती फाडली की तो कधी ना कधी उलटून विचारतोच, एवढे त्यातून दिसते.

लोणी आले, पाठोपाठ बेदाणे आले, बदाम आले, साखरेत मुरवलेली लिंबासंत्र्याची साल आली. उपवासाचा पाव सणाचा झाला. ड्रेस्डेनमध्ये १४३४ सालापासून नाताळचा बाजार भरत आला आहे. ह्याच पावाच्या 'श्ट्रीत्सेल' ह्या दुसऱ्या नावावरून पुढे त्या बाजाराचे नाव पडले. पुढे तर राजालाही ह्या पावाचा मोह पडला. १७३० साली सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस ह्याने त्साइटहाइन येथे लष्करी छावणीचा मोठा सोहळा केला आणि ड्रेस्डेनच्या बेकरांकडून सुमारे १.८ टन वजनाचा एक अवाढव्य पाव भाजून घेतला. आठ घोडे जोडून तो ओढत आणला, असे वर्णन आहे. पाहुण्यांत प्रशियाचा राजा आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा फ्रेडरिक हे होते. त्याच छावणीत बापाने मुलाला चारचौघांत मारले. हाच मुलगा राजा झाल्यावर १७५६ साली सॅक्सनीवर चालून आला आणि १७६० साली त्याच्या तोफांनी ड्रेस्डेन भाजून काढले. पाहुणचाराने राज्ये वाचत नाहीत.

पण ह्या राजेशाही पावापेक्षा मला गोडी वाटली ती एका साध्या रीतीची. सॅक्सनीतल्या घरांत मोठी भट्टी कुठून असणार? म्हणून बायका पीठ, लोणी, बेदाणे असे आपले सामान घेऊन गल्लीतल्या बेकराकडे जात. तो पाव करून भाजून देई. मग शेजारणींच्या पावांत आपला ओळखायचा कसा? त्यासाठी प्रत्येक घराची नाव कोरलेली पत्र्याची छोटी चकती असे. ती पावात खोचून ठेवायची.

हे वाचले आणि मला आमच्या तालुक्याची बेकरी आठवली. दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत घालून मला तिथे पिटाळी. नानकटाई करून घ्यायची. भट्टीपाशी पोरांची रांग, प्रत्येकाच्या डब्यावर रंगाने घातलेले नाव, आणि पत्रा बाहेर आला की "हा आमचा, हा आमचा" असा गलका. एका वर्षी अदलाबदल झाली आणि आमच्या घरी कुणाचीतरी जास्त वेलदोडा घातलेली नानकटाई आली. आई दोन दिवस कुरकुरत होती आणि डबा मात्र तिसऱ्या दिवशी रिकामा झाला. त्या नानकटाईला घरची म्हणायचे की विकतची? भाजणारे हात बेकरीतल्या कामगारांचे होते, मजुरी मोजली होती. तरी आम्ही तिला घरचीच म्हणत असू.

१९४५ सालच्या फेब्रुवारीत बाँबवर्षावाने ड्रेस्डेनचे जुने शहर होरपळले. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. पुढे जर्मनीचे दोन तुकडे झाले आणि १९४९ पासून ड्रेस्डेन पूर्वेकडच्या साम्यवादी राज्यात राहिले. तिथे बेदाणे, बदाम, लिंबाची साल ह्यांचा तुटवडा. लोकांनी हिरवे टोमॅटो आणि गाजरे साखरेत मुरवून सालीची हौस भागवली. आणि ह्याच काळात एक विलक्षण व्यवहार चाले. पश्चिमेकडचे भाऊबंद नाताळपूर्वी पूर्वेला पार्सल धाडीत : कॉफी, चॉकलेट, बदाम, बेदाणे. पूर्वेकडच्या बहिणी त्या सामानाचा श्टॉलन भाजीत आणि तो उलट टपालाने पश्चिमेला जाई. पश्चिमेच्या दुकानांत श्टॉलन मिळत नव्हता असे थोडेच आहे! पार्सलावर मात्र लिहावे लागे : ही भेट आहे, व्यापारी माल नव्हे. हा सरकारी नियम होता. पण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला ह्या सरकारी ओळीत सापडले.

उरलेले अर्धे उत्तर हिशेबाचे आहे, तेही सांगितले पाहिजे. १९९० साली जर्मनी एक झाली, बाजार खुला झाला, आणि ड्रेस्डेनच्या नावावर कोणीही काहीही विकेल अशी धास्ती तिथल्या बेकरांना पडली. त्यांनी संघ केला, नियम केले, आणि २०१० साली युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षण दिले. आज तो पाव ड्रेस्डेन आणि आसपासच्याच बेकऱ्यांत व्हावा लागतो. पिठाच्या शंभर भागांना लोणी निदान ५०, बेदाणे ६५, सालीचा मुरंबा २० आणि बदाम १५ भाग हवेत. मार्गरीन चालत नाही. पाकिटावर सोनेरी मोहोर असते. साध्या श्टॉलनला जर्मनीत शंभर भाग पिठास ३० भाग लोणी, किंवा त्या तोलाची दुसरी चरबी, पुरते. म्हणजे स्वस्त पाव खोटा नव्हे. तो कमी लोण्याचा आहे आणि तसे नाव लावून विकला तर प्रामाणिकच आहे. इटलीतही २००५ साली असाच कायदा झाला : लोणी १६ टक्के आणि बेदाणे व मुरवलेली साल मिळून २० टक्के नसेल तर नाताळच्या पावाला 'पानेत्तोने' म्हणता येत नाही. तरीही तिथली मोठी दुकाने गिऱ्हाईक आत ओढण्यासाठी नाताळात हा पाव तोट्यातही विकतात. ह्यावरून किंमत पाहून पाव ओळखता येतोच असे नाही हे ध्यानात येईल. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावी लागतात.

मी त्याला उत्तर लिहिले ते असे. "बाळ, मोहोरेचा पाव जरूर घे. वीस युरोंत तुला लोणी, बदाम आणि पहाटे उठणाऱ्या एका माणसाची मजुरी मिळते. पाचशे वर्षांपूर्वी लोक ह्याच लोण्यासाठी पैसे भरीत, पण ते बेकराला मिळत नसत. त्या मानाने तुझे पैसे योग्य जागी जात आहेत. मात्र एक लक्षात ठेव. माया त्या किमतीत धरलेली नसते. ती पत्र्याच्या चकतीसारखी वरून खोचावी लागते, आणि ती घरच्या पावात खोचता येते तशी विकतच्याही पावात येते. चकल्यांबद्दल आईशी बोल. मी मधे पडणार नाही."

जानेवारीत तो आला. संध्याकाळी मला बोलावणे आले. टेबलावर तो पाव होता, पिठीसाखरेने पांढराशुभ्र, दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्या मुलासारखा. तिथले लोकही त्याच्यात बाळ येशूच पाहतात. मुलगा आईला म्हणाला, "आई, चकल्या छान होत्या. पुढच्या वर्षीही त्याच दुकानातून घे. डबे मात्र आपलेच पाठव."

काकूंनी माझ्याकडे असे पाहिले की शाळेत मी कुठल्या मुलाकडेही तसे पाहिलेले नाही. मी शपथेवर सांगितले की माझा काही संबंध नाही. मग त्या बराच वेळ पदराने चष्म्याची काच पुसत बसल्या. सुरी हातात घेतली आणि एकदम खाली ठेवली.

"अगबाई, आज संकष्टी. उपवासाला चालेल का हो हा, गुरुजी?"

मी म्हटले, "काकू, हाच प्रश्न ह्या पावाबद्दल पूर्वी एकदा विचारला गेला होता. उत्तर रोमहून यावे लागले."

"मग राहू दे. उद्या खाऊ," असे म्हणून त्यांनी त्याच्यावर स्वच्छ फडके टाकले. हरकत नव्हती. हा पाव भाजल्यावर काही आठवडे मुरू देतात. आणखी एक रात्र तो सहज थांबणार होता.