टीएलसीमधला 'एल' गेला कुठे?

टीएलसी चॅनेल माहितीये ना? लग्नाचे ड्रेस, केक, घरातली भांडणं... कॉलेजात असताना मी तासन्तास बघायचो. त्यातला 'एल' म्हणजे 'लर्निंग', हे मला फार उशिरा कळलं.

गोष्ट अमेरिकेतली. १९७४ मध्ये नासाने एटीएस-६ उपग्रह सोडला. त्यावरून अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातल्या शिक्षकांना प्रशिक्षण मिळू लागलं. पुढच्या वर्षी हाच उपग्रह सरकवून भारताच्या बाजूला आणला! १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही लागला. शेती, आरोग्य, मुलांसाठी विज्ञान. या प्रयोगाचं नाव 'साइट'. लोकांवर काय परिणाम होतो हे बघायला संशोधक चक्क गावांत जाऊन राहिले होते.

तिकडे अ‍ॅपलाचियाच्या त्या प्रकल्पातूनच पुढे 'द लर्निंग चॅनेल' उभं राहिलं. १९८० मध्ये ते खासगी झालं, १९९१ मध्ये डिस्कव्हरीने विकत घेतलं. आता पोट जाहिरातींवर. मग प्रश्नच बदलला: 'किती जण शिकले?' नाही, 'किती जणांनी पाहिलं?' हळूहळू धडे गेले, रिअ‍ॅलिटी शो आले, नावात नुसती तीन अक्षरं उरली.

हसू नका, माझंही तेच आहे. हा एपिसोड किती जणांनी ऐकला हे मला अ‍ॅपवर दिसतं. तुम्हाला काय समजलं, ते दिसत नाही. म्हणून आज लाइक नको. एक वाक्य लिहून पाठवा: नवीन काय कळलं?