तिसऱ्या मजल्यावरची हवा

२४ जानेवारी २०२०ची दुपार. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका पाच मजली हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर तुम्ही पोचता. उद्या चिनी नववर्ष. वर्षअखेरीचं जेवण घरच्यांनी एकत्र करायचं, म्हणून हॉल माणसांनी भरलाय. जागा १४५ चौरस मीटर, दोन टेबलांमध्ये जेमतेम एक मीटरची वाट, आणि खिडकी एकही नाही.

बसा. कपात गरम चहा ओतला जातो, पण तो लगेच प्यायचा नाही. इथल्या रीतीप्रमाणे आधी त्याच चहाने आपली वाटी आणि काड्या विसळून घ्यायच्या. ताटातली स्वच्छता तपासणं पाहुण्याच्या हातात आहे आणि तो ती मन लावून करतो.

आता एका रांगेतली ती तीन टेबलं बघा. मधल्या टेबलावरचं कुटुंब कालच वुहानहून आलंय. कालच त्या शहराची ये-जा बंद झाली. तिथून पसरलेला कोरोनाचा आजार माणसाकडून माणसाला होतो, हे याच ग्वांगझूचे श्वसनरोगतज्ज्ञ झोंग नानशान यांनी चार दिवसांपूर्वी जाहीर सांगितलंय. पण त्या टेबलावरच्या एका बाईंना या घडीला ताप नाही, खोकला नाही. आज दारात कुणी कपाळावर तापमापक धरला असता, तरी त्या निर्धास्त आत आल्या असत्या. ताप आणि खोकला सुरू होईल तो जेवून गेल्यावर, आजच.

वर बघा. रांगेच्या टोकाला एसी आहे. त्याचा झोत तिन्ही टेबलांवरून जातो, समोरून वळतो आणि पुन्हा एसीतच शिरतो. हवा बाहेर काढणारे पंखे बंद आहेत, झाकून टाकलेले. पुढे संशोधक याच हॉलमध्ये वायू सोडून मोजमाप करतील, तेव्हा निघेल की माणशी सेकंदाला सुमारे एक लिटर ताजी हवा मिळत होती. जागतिक आरोग्य संघटना नंतर किमान १० लिटर सांगेल.

शेजारच्या दोन टेबलांपैकी एकावरची माणसं या कुटुंबासोबत ५३ मिनिटं असतात, दुसऱ्यावरची ७३. तेवढ्यात होतं ते होतं. ५ फेब्रुवारीपर्यंत या तीन कुटुंबांतले १० जण आजारी पडलेले असतील. मजल्यावर एकूण ८३ गिऱ्हाइकं होती. बाकीच्यांपैकी कुणाला काही झालं नाही. वाढणाऱ्या आठ कर्मचाऱ्यांनाही नाही. ते त्या झोतातून येत-जात होते, त्यात बसून नव्हते.

वाटी विसळणाऱ्याला तो झाकलेला पंखा दिसला नाही, आणि दिसायला हवा होता अशी अपेक्षा करणंही चूक. हवा ही यजमानाची बाजू आहे. पाहुणा पैसे मोजून त्याच्या छताखाली येतो तेव्हा ती बाजू त्याच्यावर सोपवूनच येतो.

आठेक महिने पुढे या. ५ ऑक्टोबर २०२०, दादर. मार्चपासून फक्त पार्सल देणाऱ्या हॉटेलांत आजपासून बसून खाता येणार, निम्म्या क्षमतेने. दारात तापमापकाची बंदूक, सॅनिटायझर, नाव आणि फोन नंबर लिहायची वही. टेबलांवर एक सोडून एक फुलीची पट्टी. हे सगळं गिऱ्हाइकाला दिसतं, म्हणून चोख आहे. केंद्राच्या ४ जूनच्या नियमावलीत एसी २४ ते ३० अंशांवर ठेवा, बाहेरची हवा जमेल तेवढी आत घ्या, असंही लिहिलंय. पण वरच्या काचबंद एसी विभागाकडे नजर टाका. तिथे खिडकी उघडायला कुणी गेलेलं नाही. तपासायला येणारा टेबलं मोजतो, वही चाळतो. हवा मोजायला त्याच्याकडे काही नसतं.

मालकाची ओढाताण खरी आहे. सात महिन्यांचं भाडं थकलंय, निम्मे वेटर गावाहून परतलेले नाहीत, निम्म्या टेबलांवर भटारखान्याचा खर्च निघत नाही. मला ते पटतं. म्हणूनच सरकारने नियमांसोबत भाड्या-कर्जाची तजवीजही करायला हवी होती, असं मी ठामपणे म्हणेन. पण या ओढाताणीचं ओझं वेटरच्या खांद्यावर टाकणं मला मुळीच मान्य नाही. "साहेब, मास्क लावा ना" असं टिपेवर घर चालणाऱ्या पोराने टिप देणाऱ्यालाच सांगायचं? साहेब डोळे वटारतात, पोरगा गप्प होतो, नियम तिथेच संपतो.

दादरच्याच दुसऱ्या एका हॉटेलात दार ढकलून बाराजणांचं टोळकं आत येतं. कुणाचा तरी वाढदिवस आहे. चार टेबलं जोडा, वर एसीत बसू, म्हणतात. पोरगा गल्ल्याकडे बघतो. शेठ स्वतः उठून पुढे येतात.

"टेबलं जोडणार नाही. वरचं बंदच ठेवलंय. खाली पंख्याखाली चार-चार बसा, नाहीतर पार्सल देतो."

"अहो, दर वर्षी इथेच येतो आम्ही!"

"म्हणूनच सांगतोय. पुढच्या वर्षीही यायचंय तुम्हाला."

आठजण निघून जातात. चारजण दाराजवळच्या टेबलावर बसतात, आणि शेठ पोराला रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या सताड उघडायला सांगतात.