तारामतीपासून नीरेपर्यंत

यंदाच्या पावसाळ्यात पाय मोडला आणि दीड महिना घरात बसणे आले. वेळ जाईना, म्हणून चौऱ्यांशी वर्षांच्या आईला शेजारी घेऊन जुने मराठी चित्रपट एकेक करून पाहिले. मी काही समीक्षक नव्हे. पण पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगतो.

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावात लागला. आज त्याचे थोडेच तुकडे पाहायला मिळतात. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे आणि तारामती कौतुकाने पाहते आहे. ही तारामती म्हणजे अण्णा साळुंके हे गृहस्थ! काम करायला बाईच मिळेना. पुढच्याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई उभ्या राहिल्या. पण कुलीन घरांची दारे काही लगेच उघडली नाहीत.

मग ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’, साल १९३२. कथा तीच, पण तारामती आता दुर्गा खोटे. गाणी जरा जास्त वाटली. बाईंचा आवाज मात्र अजून खणखणीत लागतो.

संतपटांत ‘संत तुकाराम’ (१९३६). पागनीस अभंगाला बसले की ते नट आहेत हे विसरायला होते. तरी माझे मत विचाराल, तर बाजी मारली गौरीच्या जिजाईने. आजारी पोराला घेऊन, हातात वहाण घेऊन ती विठोबाला जाब विचारायला निघते, तेव्हा आई म्हणाली, “बरोबर आहे तिचं. चूल तिलाच पेटवायची असते.”

अत्र्यांच्या लेखणीतला ‘ब्रह्मचारी’ (१९३८) पाहताना पोट धरून हसलो. मास्टर विनायकांचे ब्रह्मचर्य मीनाक्षीबाईंपुढे किती टिकणार, हे पहिल्या भेटीतच कळते. पण ते ढासळताना पाहण्यात खरी गंमत!

शेवटी शांतारामांचा ‘कुंकू’, १९३७चा. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपट्यांची ती नजर पाहून मी सरसावून बसलो. अण्णा साळुंक्यांच्या तारामतीपासून इथवर अवघी चोवीस वर्षे!

चित्रपट संपला तरी आई बोलेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, “माझ्या आत्याला सोळाव्या वर्षी बिजवराला दिली होती. तिला हा बोलपट कुणी दाखवला नसेल.”

या आत्याविषयी आमच्या घरात मी कधी एक शब्दही ऐकला नव्हता. त्या रात्री आई तासभर तिच्याविषयी बोलली.

वाचकहो, दिवाळीचा फराळ आटोपला की ‘कुंकू’ लावा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला मुद्दाम शेजारी बसवा.