बर्फ राखणारी पेटी

रानात किंवा समुद्रकाठी दोनतीन दिवसांच्या मुक्कामास निघणारे कुटुंब एके काळी दशम्या, चटणी आणि भाजलेले पोहे एवढ्यावर भागवीत असे. आता दूध, लोणी, मासळी हे जिन्नसही बरोबर न्यावेसे वाटतात, आणि त्यांच्यासाठी टणक कवचाची बर्फपेटी लागते. दुकानात गेल्यावर मात्र पंचाईत होते. आकाराने सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्या समोर येतात, आणि एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट असते. स्वस्त पेटी घेतली तर दूध नासेल काय, आणि महाग घेतली तर जादा पैसा नेमका कशासाठी मोजला, हे प्रश्न साध्या गृहस्थाला पडतात. त्यांचे उत्तर ह्या पेटीच्या इतिहासात सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मेरीलंड राज्यात टॉमस मूर नावाचा शेतकरी राहत असे. त्याला आपले लोणी जॉर्जटाउनच्या बाजारात न्यावयाचे असे. उन्हाळ्यात ते वाटेतच पातळ होई, आणि पातळ लोण्याला भाव कोठून मिळावा? मूरने लाकडाचे लंबगोल पिंप घेतले, त्यात पत्र्याचे भांडे बसविले, दोहोंमधल्या जागेत बर्फ भरला आणि बाहेरून सशाच्या कातड्यांचे अस्तर लावलेले जाडेभरडे कापड गुंडाळले. त्याचे घट्ट लोणी इतरांपेक्षा चढ्या भावाने खपू लागले, व 1803 साली त्याला ह्या युक्तीचे पेटंट मिळाले. सशाच्या लोकरीने गारवा निर्माण केला नव्हता. केसांत अडकून राहिलेल्या स्थिर हवेने बाहेरची उष्णता आत येऊ दिली नाही, इतकेच. पुढच्या दोनशे वर्षांतील प्रत्येक बर्फपेटी ह्याच तत्त्वावर उभी आहे.

ह्या तत्त्वाची मोठी कसोटी बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने पाहिली. तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून उष्ण देशांत विकावयाचा, असा त्याचा बेत होता. 1806 साली त्याने मार्टिनिक बेटावर पहिले जहाज नेले. लोकांनी त्याची थट्टा केली; पुढे कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. त्याला तारले ते लाकडाच्या गिरण्यांतील टाकाऊ भुश्याने. 1833 साली ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा सुमारे 100 टन बर्फ शिल्लक होता! मद्रासच्या किनाऱ्यावर 1842 साली ह्याच व्यापारासाठी बांधलेली बर्फाची इमारत आजही उभी आहे; 1897 साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथेच झाला होता. आपल्याकडील बर्फवाला लादीवर भुसा पसरून वर गोणपाट टाकतो, तेव्हा तो ट्यूडरचीच विद्या वापरीत असतो.

विसाव्या शतकात भुश्याची जागा कृत्रिम फेसाने घेतली. पॉलियुरेथेन अथवा थर्माकोल ह्यांच्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा किंवा तत्सम वायू कोंडलेला असतो. मोटारीने सहलीस जाण्याची प्रथा अमेरिकेत फोफावली आणि सहज उचलता येईल अशा पेटीला गिऱ्हाईक मिळाले. इलिनॉयमधील रिचर्ड लॅरमी ह्याला 1953 साली अशा पेटीचे पेटंट मिळाले. कंदिलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलमन कंपनीने पुढच्याच वर्षी पत्र्याची पेटी बाजारात आणली. 1962 साली ह्यूस्टनच्या इग्लू कंपनीने संपूर्ण प्लॅस्टिकची पेटी काढली. पेटी हलकी झाली, गंजेनाशी झाली आणि सामान्य मिळकतीच्या कुटुंबाच्या आवाक्यात आली.

ह्या स्वस्ताईला उलटे वळण मिळाले ते 2006 साली. टेक्सासमधील दोन मासेमार बंधूंनी यती ही कंपनी काढली. होडीत पेटीवर उभे राहावे तर झाकण पिचते, कडी तुटते, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी साचा फिरवून घडविलेल्या अखंड, जाड कवचाची पेटी तयार केली आणि किंमत ठेविली सुमारे 300 डॉलर. हा जादा पैसा दोन गोष्टींसाठी होता: एक मजबुती, दुसरी फेसाची जाडी. जो पेटीवर उभा राहणार नाही व आठवडाभर रानात राहणार नाही, त्याने पहिलीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट मात्र स्वस्त पेटीतही पारखून घेतली पाहिजे. फेसाची जाडी दुप्पट झाली की आत शिरणारी उष्णता जवळजवळ निम्मी होते. पुष्कळ स्वस्त पेट्यांच्या भिंतींत फेस असतो, पण झाकण पोकळ असते. बोटाने ठोकून पाहिले तर ते कळते. झाकण सर्व बाजूंनी घट्ट बसते की नाही, हेही पाहावे. आकाराचा हिशेबही ट्यूडरच्या जहाजाने शिकविलेला आहे. पेटीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, पण आतली जागा आठपट होते. म्हणून मोठा साठा अधिक टिकतो. तथापि हा लाभ पेटी भरलेली असेल तरच. अर्धी रिकामी मोठी पेटी घेण्यापेक्षा भरेल तेवढीच पेटी घेणे शहाणपणाचे.

बाकीचे काम वापरणाऱ्याच्या हाती असते. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. तेच वितळलेले पाणी शून्यापासून दहा अंशांपर्यंत तापताना जेमतेम 10. तेव्हा बर्फ जितका सावकाश वितळेल तितके बरे. चुऱ्यापेक्षा अखंड लादी घ्यावी, जिन्नस घरूनच गार करून भरावे, पेटी सावलीत ठेवावी, झाकण वरचेवर उघडू नये. दूध व मासळी पाच अंशांखाली राहिली पाहिजेत; बर्फ संपला की त्यांचा भरवसा संपला. एवढी काळजी घेतली, तर दोन रात्रींच्या मुक्कामाला साधी पेटीही पुरते. मूरचे लोणी घट्ट राहिले ते सशाच्या कातड्यावर आणि ट्यूडरचा बर्फ कलकत्त्याला पोहोचला तो फुकटच्या भुश्यावर, हे दुकानात किंमत विचारताना गृहस्थाने ध्यानी ठेवावे.