हाडांची परतवाट

खान्देशातला माणूस पोटासाठी सुरतेला जातो. तिकडेच कुणी गेलं तर दहन तिथेच उरकतात. राख सावडली की अस्थी मडक्यात भरून, वर फडकं बांधून, सुरत-भुसावळ गाडीने भुसावळला आणतात. पुढे जवळचं म्हणजे चांगदेव, तापी-पूर्णेचा संगम; ऐपत आणि सवड असली तर नाशिकचं रामकुंड. अख्खं प्रेत आणायचं म्हटलं की गाडी, बर्फ, कागदपत्रं आली. अग्नी हे ओझं हलकं करून देतो.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात हेच काम माती करते, फक्त सावकाश. तिथे माणसाला दोनदा पुरायची जुनी रीत. पहिलं दफन तात्पुरतं. पाच-सात, कधी दहा वर्षांनी चांगला दिवस पाहून कबर उकरायची, हाडं एकेक करून वेचायची, स्वच्छ करून वाळवायची आणि उंच मातीच्या रांजणात रचायची. पायांची हाडं तळाशी, कवटी सगळ्यात वर. माणूस आत उकिडवा बसलाय असं वाटावं. मग जागा पारखून रांजणाला कायमचं ठिकाण द्यायचं.

परदेशी मेलेल्या चिन्यांची हाडं मायदेशी पाठवण्याची जी प्रसिद्ध प्रथा, तिचं मूळ या घरच्या रीतीत आहे. 1849 नंतर कॅलिफोर्निया, मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असं सोन्यामागे धावलेल्यांत ग्वांगडोंगचेच लोक जास्त. कबर उकरायची सवय त्यांना होतीच. रांजणाच्या जागी पेटी आली आणि मधे समुद्र आला, एवढंच.

आणि नेमकं गावीच कशासाठी? चिनी लोक एप्रिलच्या सुरुवातीला, छिंगमिंगला, पूर्वजांच्या कबरी झाडून तिथे अन्न ठेवतात. आपण आखाजीला घागर भरून पितरांना आगारी टाकतो, त्याच जातीची ही गोष्ट. पण आगारी कुठल्याही चुलीपुढे टाकता येते. अस्थी एकदा तापीत सोडल्या की त्यांना पत्ता उरत नाही. चिनी पितराला मात्र पत्ता लागतो. कबर मुलाच्या हाताशी नसली तर बाप उपाशी भूत होऊन भटकणार.

या प्रथेवर लिहिणारे मातीच्या ओढीबद्दल फार हळवे होतात. ओढ होतीच, पण नुसत्या ओढीने पेटी जहाजावर चढत नाही. ते काम गाववाल्यांच्या मंडळांनी केलं. वर्गणी घ्यायची, कोण कुठे पुरलाय याची वही ठेवायची, वेळ आली की उकरणारे पाठवायचे. ओळख पटावी म्हणून प्रेतासोबत नाव-गाव लिहिलेली वीट किंवा बाटलीत घातलेली चिठ्ठी पुरत. बायकांची आणि पोरांची हाडं मात्र सहसा उकरली जात नसत. वंश चालवणाऱ्या पुरुषांसाठीच हा खटाटोप. कॅलिफोर्नियाने 1878 मध्ये कायदा करून दर प्रेतामागे 10 डॉलरचा परवाना लावला. सांगायला कारण आरोग्याचं. रोख कुणावर होता ते उघड होतं. पेट्या हाँगकाँगला उतरत आणि 1870 साली स्थापन झालेलं तुंग वाह रुग्णालय त्या सांभाळून गावोगाव रवाना करी.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये चोई स्यू हॉय नावाचा मोठा व्यापारी होता. हाडं पाठवणाऱ्या मंडळाचा तो पुढारी. 1883 मध्ये 230 मृतांची खेप सुखरूप गेली. दुसरी निघेपर्यंत, 1901 मध्ये, तो स्वतःच वारला आणि आपणच उभ्या केलेल्या कामाचा माल झाला. 1902 च्या ऑक्टोबरात ‘व्हेंटनॉर’ हे जहाज 499 मृतांना घेऊन निघालं, खडकावर आपटलं आणि होकिआंगाजवळ बुडालं. जहाजावरचे 13 जणही गेले. किनाऱ्याला जी हाडं लागली ती तिथल्या माओरींनी आपल्या माणसांजवळ पुरली, आणि ही आठवण पुढच्या पिढ्यांना सांगत राहिले. शंभरावर वर्षांनी त्या चिन्यांचे वंशज तिथे आले ते त्यांचे आभार मानायला.

1949 नंतर चीनची दारं मिटत गेली आणि हाँगकाँगला पोचलेल्या बऱ्याच पेट्या तिथेच अडकल्या.

आपल्याकडे मुंबईत माझगावला 1919 सालचं ‘सी यप कून’ मंदिर आहे. सी यप म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके. कॅलिफोर्नियातले कितीतरी चिनीही तिथलेच. मुंबईच्या चिन्यांची दफनभूमी अँटॉप हिलला. 1962 च्या युद्धानंतर देशभरातल्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं, आणि पुढे बरेच जण कॅनडाला वगैरे निघून गेले. मुंबईतल्या कबरी होत्या तिथेच राहिल्या. हाडं उकरून सोबत नेण्याची वही आता कुणी ठेवत नाही. एप्रिलमधली झाडलोट उरलेली मोजकी घरं करतात.