वीस जागा, नावं नाहीत

ट्रेकिंग ग्रुपमध्ये नवा माणूस आला की पहिल्या रविवारी सगळे वेलकम वेलकम करतात आणि महिन्याभरात तो गायब होतो. कारण त्याची जागा, त्याचा खर्च कुणी धरलेलाच नसतो! याबाबतीत आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतली मंडळी फार पुढे होती.

म्हणजे पांडव नव्हे, बौद्ध भिक्षू. एरवी फिरते, पण पावसाळ्यात एका ठिकाणी मुक्काम, तोच वर्षावास. साहजिकच नवे चेहरे येणार. पाली विनयपिटकात त्यांच्यासाठी चक्क पॉइंटवाइज नियम आहेत. आलेला भिक्षू ज्येष्ठ असेल तर जुन्याने पुढे होऊन त्याचं पात्र-चीवर घ्यायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं. नव्याने विचारून घ्यायचं: झोपायचं कुठे, भिक्षेला कुठे जायचं, शौचाची जागा कुठली. ज्येष्ठता वयावर नाही, तर दीक्षेनंतर किती वर्षावास झाले त्यावर. राजपुत्र असो की न्हावी, मोजणी शून्यापासून!

पण नुसत्या नियमांनी पोट भरत नाही. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, वर्ष ४२ चा. हे लेणं त्याने चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलं, म्हणजे कुठूनही आलेल्यांना. सोबत ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. त्यातले २००० दरमहा शेकडा १ ने. आता हिशोब करा: महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेख म्हणतो, इथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. २० गुणिले १२, बरोब्बर २४०! उरलेल्या १००० वर पाऊण टक्का, तो किरकोळ खर्चाला.

या वीस जणांची नावं कुठेच नाहीत, आणि तीच खरी गंमत. कोण येणार हे ठाऊक नसताना त्याच्या कपड्यांची सोय झालेली होती.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. पण त्याच्या १८ व्या वर्षाचा लेख तिसऱ्या लेण्यात आहे. त्यात तो याच डोंगरावरच्या भिक्षूंना शेत देतोय, आणि ते शेत आधी उषवदाताचंच होतं! राज्य बदललं, देणं चालू राहिलं.

असो. तर मंडळी, नव्या माणसाचं स्वागत त्याच्या येण्याआधीच सुरू होतं... बजेटमध्ये.