जन्म कोतवाल पंजीत, वर्ण मात्र पत्रिकेत?

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत अलीकडे एक नवा रकाना दिसू लागला आहे. वर तथागत आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली नाव, शिक्षण, नोकरी, उंची. आणि मग हळूच रास, नक्षत्र, नाडी, मंगळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या कार्यक्रमांत असे परिचयपत्र आम्ही स्वतः हातात घेतले आहेत. "तुम्ही तर बौद्ध, मग हे कशाला?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "आमचा विश्वास नाही हो, पण समोरचे विचारतात." समोरचेही बौद्धच असतात आणि तेही हेच सांगतात. मग विश्वास नेमका कोणाचा आहे?

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं. पत्रिका मांडायची तर जन्माची तारीख लागते, वेळ लागते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना जन्मतारीख विचारून पाहा. कोणी पोळ्याच्या करीला झालेला, कोणी मोठ्या पुराच्या साली. शाळेच्या दाखल्यावर अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जुलै, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. लग्नाचा मुहूर्त सांगायला जोशी महारवाड्याच्या लांब उभा राहायचा. दक्षिणा घ्यायला मात्र विटाळ आडवा येत नसे. ज्या समाजाच्या जन्माची वेळ टिपून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही, त्याचं भविष्य ग्रहांनी लिहून ठेवलं होतं यावर आम्ही विश्वास ठेवायचा का?

आमच्या जन्माची नोंद झाली ती वेगळ्या वहीत. 1905 पर्यंत आपल्या जिल्ह्याची ओळख वणी जिल्हा अशी होती. इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात गावचे जन्म-मृत्यू नोंदले जाऊ लागले. ती खबर ठाण्यावर पोचवणारा गावकामगार बहुतेक ठिकाणी महारच असे. पाटलाच्या घरी पोरगा झाला तरी खबर त्यानेच न्यायची आणि स्वतःच्या झोपडीत मुलगी झाली तरी त्यानेच. त्या नोंदींना आज आपण कोतवाल पंजी म्हणतो. अनेक नोंदींत मुलाचं नावही नाही. फक्त तारीख, बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच.

पण हीच जीर्ण वही आज काय करते ते पाहा. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या मुलाला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. पणजोबाच्या नोंदीची नक्कल काढण्यासाठी आपली पोरं तहसीलच्या खेटा घालतात. ती नक्कल मिळाली की मेडिकलची जागा टिकते, नोकरी टिकते. आपल्या पिढ्यांचं भविष्य प्रत्यक्षात बदललं ते जन्माच्या या नोंदीने आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या संविधानाने. शनी-मंगळाने आमच्यासाठी एक फॉर्मसुद्धा भरलेला नाही.

आता पत्रिकेच्या आत डोकावू. लग्नासाठी 36 गुण जुळवतात, त्यांचे आठ भाग असतात. नाडीला 8 गुण, गणाला 6, असं करत पहिल्या भागाला 1 गुण. त्या पहिल्या भागाचं नावच 'वर्ण' आहे! कर्क, वृश्चिक, मीन या ब्राह्मण राशी. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. आणि मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असला तरच गुण मिळतो, म्हणजे बाई वरची चालत नाही. चातुर्वर्ण्य आणि पुरुषी वर्चस्व यांची अशी बेमालूम सांगड मोबाईलमधल्या फुकट ॲपमध्ये आजही चालू आहे. ज्या बापाने 1956 साली दीक्षाभूमीवर वर्ण झुगारला, त्याचा नातू आपल्या होणाऱ्या बायकोचा वर्ण ॲपला विचारतो. याला काय म्हणायचं?

काही जण म्हणतील, हे सगळीकडेच आहे, चीनमध्येही आहे. खरं आहे. चिनी पद्धतीत जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांची प्रत्येकी दोन अशी आठ अक्षरं मांडून भविष्य सांगतात. आपल्या संवत्सरांसारखंच त्यांचंही साठ वर्षांचं चक्र आहे. त्यातलं एक वर्ष अग्नी-घोड्याचं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते, अशी समजूत जपानमध्ये रुजली. म्हणजे आपल्याकडची 'कडक मंगळाची' मुलगीच! 1965 मध्ये जपानात सुमारे 18 लाख 24 हजार बाळं जन्मली; 1966 या अग्नी-घोड्याच्या वर्षी सुमारे 13 लाख 61 हजार. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा वर गेला. आकाशातल्या कोणत्या घोड्याने ही बाळं कमी केली नाहीत, भ्यालेल्या आईबापांनी केली. भविष्य असंच खरं ठरतं. मंगळाची म्हणून नाकारलेली मुलगी तिशी ओलांडते आणि मग लोक म्हणतात, "बघा, मंगळ भोवला."

ज्यांना पुरावा हवा त्यांच्यासाठी पुण्यातला प्रयोग आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका तपासून कोणती कोणाची ते सांगितलं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी 50 टक्क्यांच्या आसपास आली असती.

जोशाची सक्ती मोडण्यासाठी आपल्या पूर्वजांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटाशिवाय लग्नं लावली. जुन्नरजवळच्या ओतूरला जोशांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि तो मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. पुढे सी. के. बोल्यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात 1926 मध्ये कायदा झाला आणि न बोलावलेल्या जोशाला दक्षिणा देण्याचं बंधन संपलं. हे तेच बोले, ज्यांच्या 1923 च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि ज्याच्या अंमलासाठी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. पाण्याचा हक्क आणि जोशापासून सुटका, दोन्हीमागे एकच माणूस होता हा योगायोग नाही. लढाई एकच होती.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. पिंगळा, कुडमुडे जोशी, बुडबुडकी ही पोटासाठी गावोगाव भटकून भविष्य सांगणारी माणसं आपले शत्रू नाहीत. व्यवस्थेने त्यांच्या हाती शेत दिलं नाही, डमरू दिला. त्यांच्या मुलांना शाळा मिळावी ही आपलीच मागणी आहे. आपला विरोध वर्ण मोजणाऱ्या पोथीला आहे.

बुद्धाने ग्रह-नक्षत्रं पाहून पोट भरण्याला भिक्खूंसाठी चुकीची उपजीविका ठरवलं. जातकात एक गोष्ट आहे. नक्षत्र वाईट आहे असं ऐकून वराकडचे लोक ठरल्या दिवशी गेलेच नाहीत. मुलीकडच्यांनी त्याच मांडवात तिचं लग्न दुसऱ्याशी लावून दिलं. हे दुसऱ्या दिवशी पोचले आणि भांडून हात हलवत परतले. आपल्या कितीतरी चांगल्या सोयरिकी आज अशाच हातच्या जात आहेत.

म्हणून यवतमाळपासून उमरखेडपर्यंतच्या प्रत्येक मेळाव्याच्या आयोजकांना आमचं सांगणं आहे: फॉर्ममधून तो रकाना काढा. त्या जागी रक्तगट विचारा, सिकलसेलची तपासणी झाली का ते विचारा. विदर्भात तो प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर पत्रिकेत नाही, प्रयोगशाळेत मिळतं. आणि पोरांनो, घरी कोणी पत्रिका मागितली तर पणजोबाच्या कोतवाल पंजीची नक्कल पुढे करा. आपली पत्रिका तीच.

जय भीम!